टाइमलाइनवर झूम केलं की हरवायला होतं? आधी प्लेहेड, मग झूम

प्रश्न व्हिडिओ एडिटिंगचा, थोडक्यात असा आहे की ४५ मिनिटांची मुलाखत आहे, दोन कॅमेरे, ऑडिओ वेगळा रेकॉर्ड केलेला, टाइमलाइनवर, म्हणजे क्लिप ओळीने मांडलेल्या आडव्या पट्ट्यावर, तीनशेच्या वर कट झालेत. झूम इन केलं की आपण कुठे आहोत तेच समजत नाही, झूम आउट केलं की सगळं बारीक होऊन काहीच दिसत नाही, आणि अर्धा दिवस खालचा स्क्रोलबार इकडून तिकडे ओढण्यात जातो. तर सॉफ्टवेअर बदलावं का, की मोठा मॉनिटर घ्यावा?

दोन्ही नको, निदान आत्ता तरी नको. मी १७ वर्षं एडिटिंग करतेय, त्यात बरंचसं काम मुलाखती आणि माहितीपटांचं, आणि शेजारी बसून नवीन मुलांना शिकवताना सारखं हेच दिसतं की कट कुठे मारायचा ते त्यांना बरोबर कळत असतं पण त्या जागेवर पोचायलाच दहा सेकंद लागतात. तीनशे कट, प्रत्येक कटपाशी चार-पाच वेळा तरी जाणं होतं, तुम्हीच हिशोब करा किती तास नुसते शोधण्यात गेले. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी एक साधं गणित बघा, म्हणजे हे असं का होतं ते डोक्यात बसेल. ४५ मिनिटं, २५ फ्रेम पर सेकंदने, म्हणजे ६७,५०० फ्रेम झाल्या. तुमचा स्क्रीन १९२० पिक्सेल रुंद धरू, डावीकडे ट्रॅकची, म्हणजे चित्र-आवाजाच्या थरांची, नावं आणि बटणं असतात ती सोडली तर टाइमलाइनला साधारण १६०० पिक्सेल मिळतात. म्हणजे सगळा प्रोजेक्ट एका नजरेत बसवला की एका पिक्सेलमध्ये ४२ फ्रेम, दीड सेकंदाहून जास्त. त्या अवस्थेत माउसने क्लिप अगदी एक पिक्सेल जरी सरकवली तरी ती ४२ फ्रेम सरकते! आणि स्नॅप, म्हणजे क्लिप जवळच्या कटला आपोआप चिकटवणारी सोय, चालू असेल तर अजूनच गंमत, कारण स्नॅपची पकड फ्रेमवर नसते, पडद्यावरच्या अंतरावर असते, आठ-दहा पिक्सेल धरा, म्हणजे सोळा-सतरा सेकंद लांब असलेल्या कटलाही तुमची क्लिप जाऊन चिकटते. लोकांना वाटतं स्नॅप बिघडलंय. बिघडलेलं नसतं काही, आपण फार लांबून काम करतोय एवढंच. तेच झूम इन करून एक फ्रेम जेव्हा चार-पाच पिक्सेलची होते तेव्हा तोच स्नॅप अगदी शहाण्यासारखा वागतो.

आणि मोठ्या मॉनिटरचं उत्तरही यातच आहे. रुंदी दुप्पट केली तरी एका पिक्सेलमध्ये २१ फ्रेम राहतातच. दुप्पट रुंदीने झूमचा प्रश्न सुटत नाही, एक पायरी इकडे-तिकडे होते फक्त.

आता मुद्दा. आधी प्लेहेड, मग झूम. मला या उत्तरात एकच गोष्ट सांगायला दिली असती तर मी ही सांगितली असती. कीबोर्डने झूम केलं की सॉफ्टवेअर प्लेहेड मध्ये धरून झूम करतं, म्हणजे लाल किंवा निळी उभी रेघ जिथे आहे ती जागा पडद्यावर राहते आणि बाकीचं दोन्ही बाजूंनी ताणलं जातं. तुम्ही बघताय विसाव्या मिनिटाकडे, प्लेहेड पडलंय तिसऱ्या मिनिटाला, आणि झूम इन दाबलं की धाडकन तिसऱ्या मिनिटाला जाऊन पडता, मग स्क्रोलबार, मग शोधाशोध. म्हणून आधी रूलरवर, म्हणजे वरच्या वेळेच्या पट्टीवर, जिथे जायचंय तिथे अंदाजे क्लिक करायचं, प्लेहेड तिथे आला की मग झूम. क्लिक दहा-वीस सेकंद इकडे-तिकडे पडलं तरी चालतं, दोनदा झूम केल्यावर पुन्हा एकदा बरोबर जागी क्लिक करा, परत झूम. तीन टप्प्यांत तुम्ही ४५ मिनिटांतून एका फ्रेमवर येता आणि मध्ये एकदाही हरवत नाही.

माउसचं चाक वापरत असाल तर गोष्ट थोडी वेगळी आहे. प्रीमिअर या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये ऑल्ट धरून चाक फिरवलं की माउसचा बाण जिथे आहे त्या जागेवर झूम होतं, प्लेहेड कुठेही असो. हे फार सोयीचं आहे, पण दोन्ही सवयी मिसळल्या की गोंधळ होतो, एकदा बाणावर झूम होतंय एकदा प्लेहेडवर, आणि मेंदूला अंदाज बांधता येत नाही. पहिले पंधरा दिवस एकच पद्धत ठेवा. मी कीबोर्डवाली.

बटणं सांगते. प्रीमिअरमध्ये इक्वलचं बटण झूम इन, मायनस झूम आउट, आणि बॅकस्लॅश दाबलं की पूर्ण सिक्वेन्स, म्हणजे टाइमलाइनवरचा सगळा कार्यक्रम, पडद्यावर बसतो, परत बॅकस्लॅश दाबलं की आधीच्या झूमवर परत. दाविंची रिझॉल्व्हमध्ये कंट्रोल धरून इक्वल आणि मायनस, आणि सगळं बसवायला शिफ्ट झेड, तिथेही परत दाबलं की मागच्या झूमवर येता. फायनल कटमध्ये कमांड धरून इक्वल-मायनस, शिफ्ट झेड सगळं बसवायला, शिवाय नुसतं झेड दाबलं की झूमचं भिंग हातात येतं, त्याने हवा तेवढा भाग ओढून घेतला की तेवढाच भाग पडदाभर होतो. शॉटकटमध्ये इक्वल, मायनस आणि शून्य. केडेनलाइव्हमध्ये कंट्रोल धरून चाक. मॅकवर काम करणाऱ्यांनी कंट्रोलच्या जागी कमांड आणि ऑल्टच्या जागी ऑप्शन समजायचं.

यातलं बॅकस्लॅश किंवा शिफ्ट झेड हे बटण मी दिवसातून किती वेळा दाबत असेन त्याला मोजदाद नाही. काम करायची माझी पद्धत दोनच उंचींची आहे. एक लांबून, जिथे पूर्ण प्रोजेक्ट दिसतो, आणि एक जवळून, जिथे आठ-दहा सेकंद पडदाभर असतात. मधल्या उंचीवर, म्हणजे ना धड सगळं दिसतंय ना धड फ्रेम दिसतेय अशा ठिकाणी, लोक तासन्‌तास काम करत बसतात आणि तिथेच हरवतात. जवळचं काम झालं की बॅकस्लॅश, सगळं दिसलं, पुढच्या जागी क्लिक, परत बॅकस्लॅश, हं, इथे एक लक्षात ठेवा, परत येताना मागच्याच प्रमाणात झूम होतं, त्यामुळे प्लेहेड हलवून ठेवलाय की नाही ते बघून घ्या आणि पडद्यावर भलताच भाग दिसला तर घाबरून न जाता एकदा मायनस एकदा इक्वल दाबा, प्लेहेड मध्ये येतो.

झूमचं बटण दाबलं आणि टाइमलाइन ढिम्म हललीच नाही असं झालं तर बघा की पॅनेल कुठलं चालू आहे. प्रीमिअरमध्ये चालू पॅनेलभोवती निळी चौकट असते. ती सोर्स मॉनिटरवर, म्हणजे मूळ क्लिप बघायच्या खिडकीवर, असेल तर झूम सोर्सच्या पट्टीचं होतं आणि तुम्ही इकडे टाइमलाइनकडे बघत बसता. शिफ्ट ३ दाबलं की टाइमलाइन चालू होते. दुसरं कारण आपल्या लोकांना हमखास सतावणारं, मराठी टायटल टाइप करायला कीबोर्ड मराठीवर नेलेला असतो आणि तो परत इंग्रजीवर आणायचा राहून जातो, मग जे, के, एल, एम काहीच चालत नाही. शॉर्टकट अचानक सगळेच मेले तर आधी हे बघायचं, सॉफ्टवेअर बंद-चालू नंतर.

अजून एक. सगळं बसवायचं बटण दाबलं आणि तुमचा ४५ मिनिटांचा प्रोजेक्ट डाव्या कोपऱ्यात बोटभर जागेत गोळा झाला, उजवीकडे नुसता रिकामा पट्टा, तर समजायचं की टाइमलाइनच्या पार शेवटी कुठेतरी एखादी विसरलेली क्लिप पडलीय. लोक काढून ठेवलेले तुकडे लांब नेऊन ठेवतात आणि विसरतात. एंडचं बटण दाबा, प्लेहेड थेट त्या शेवटच्या क्लिपच्या टोकाला जातो, ती उचलून दुसऱ्या सिक्वेन्समध्ये ठेवा. काढून टाकलेल्या चांगल्या तुकड्यांसाठी मी वेगळा सिक्वेन्सच ठेवते, मूळ टाइमलाइनवर एकही फालतू क्लिप ठेवत नाही. ही क्लिप तशीच राहिली तर एक्स्पोर्टही तिथपर्यंत जाऊ शकतं, मध्ये दोन तास काळा पडदा.

आता झूम न करता फिरायचं कसं. खरं सांगायचं तर जितकं चांगलं फिरता येतं तितकं झूम कमी लागतं. वर आणि खाली बाणांची बटणं, प्रीमिअर, रिझॉल्व्ह, फायनल कट तिन्हीत, मागच्या आणि पुढच्या कटवर नेतात. तीनशे कटांच्या प्रोजेक्टमध्ये कटवरून कटवर उडी मारत जाता आलं की स्क्रोलबारला हात लावायची वेळच येत नाही. आणि इथेच सगळ्यांची एक तक्रार असते की खालचा बाण दाबला की तो मधले कट सोडून पुढे जातो. तो सोडत नाही, तो फक्त तुम्ही निवडलेल्या ट्रॅकवरचे कट बघतो. प्रीमिअरमध्ये डावीकडे व्ही १, व्ही २, ए १ असे चौकोन असतात, जो निळा आहे तो ट्रॅक धरला जातो. तुमचा दुसरा कॅमेरा व्ही २ वर आणि व्ही २ निळा नसेल तर त्याचे कट त्याला दिसतच नाहीत. शिफ्ट धरून बाण दाबला तर तो सगळ्या ट्रॅकवरचे कट धरतो. रिझॉल्व्हमध्येही ट्रॅकच्या ऑटो सिलेक्टवर हेच अवलंबून असतं. मुलाखतीच्या कामात मी मुद्दाम एकच ट्रॅक चालू ठेवून फिरते, बोलणाऱ्याचा ऑडिओ ट्रॅक, कारण वाक्यं तिथे तुटलेली असतात आणि मला वाक्यावरून वाक्यावर जायचं असतं.

जे-के-एल तर यायलाच हवं, एल पुढे, के थांब, जे मागे, एल दोनदा दाबलं की वेग वाढतो, के धरून ठेवून एल टिचकीसारखं दाबलं की एक फ्रेम पुढे. डाव्या-उजव्या बाणाने एक एक फ्रेम, प्रीमिअरमध्ये शिफ्ट धरून पाच पाच. डावा हात झूमच्या बटणांवर आणि उजवा जे-के-एलवर असा काहींचा असतो, काहींचा उलटा, ते ज्याचं त्याने बघावं.

बाणाने कटवरून कटवर जाण्याचा एक फायदा कोणी सांगत नाही तो सांगते, आणि हा मी स्वतः अंगाशी आल्यावर शिकले. एक तासाभराचा कार्यक्रम होता, रात्री एक्स्पोर्ट करून पाठवला, मी स्वतः दोनदा पूर्ण बघितला होता. दुसऱ्या दिवशी मोठ्या पडद्यावर लावल्यावर मध्येच एकदा डोळा लवल्यासारखा काळा पडदा चमकून गेला. एक फ्रेम. २५ फ्रेमला एक फ्रेम म्हणजे ४० मिलिसेकंद, छोट्या खिडकीत बघताना पापणी लवली असंच वाटतं. टाइमलाइन पूर्ण बसवून बघितली तर सगळ्या क्लिप एकमेकींना चिकटलेल्या, फट कुठेच नाही, आणि दिसणार कशी, तासाभराच्या प्रोजेक्टमध्ये एका पिक्सेलमध्ये ५६ फ्रेम बसल्यात. मग कटवरून कटवर खालच्या बाणाने जायला लागले आणि डोळे चित्रावर न ठेवता टाइमकोडवर, म्हणजे तास-मिनिट-सेकंद-फ्रेमच्या आकड्यावर, ठेवले. प्रत्येक उडीला टाइमकोड चार सेकंद, सात सेकंद, अकरा सेकंद असा पुढे जात होता, आणि एका ठिकाणी बाण दाबला आणि शेवटचा आकडा फक्त एकाने वाढला. तिथे थांबले, झूम इन केलं, सात-आठ वेळा दाबल्यावर दोन क्लिपच्या मध्ये केसाएवढी फट उघडली. लांबून क्लिप ओढली होती, ती चिकटल्यासारखी दिसली आणि मी पुढे गेले होते.

तेव्हापासून एक्स्पोर्टच्या आधी एक फेरी नुसती टाइमकोडकडे बघत मारते. टाइमकोड एक-दोन फ्रेमनेच हलला की तिथे कचरा असतोच, एक तर फट, नाही तर कटर मारताना मागे राहिलेला एका फ्रेमचा तुकडा, ज्यात भलताच शॉट चमकून जातो. काळी फट निदान कळते, हा भलत्या शॉटचा तुकडा जास्त त्रासदायक, कारण दोन्ही शॉट सारखेच असले तर चित्र किंचित उडल्यासारखं वाटतं आणि कारण सापडत नाही. प्रीमिअरमध्ये फटीसाठी वेगळी सोयही आहे, सिक्वेन्स मेनूत गो टू गॅप, शिफ्ट आणि सेमीकोलन दाबलं की पुढच्या फटीवर नेतो, आणि क्लोज गॅपने सगळ्या फटी एकदम मिटतात, पण एकदम मिटवायचं जरा जपून, एखादी फट मुद्दाम ठेवलेली असते, संगीत सुरू व्हायच्या आधीची शांतता वगैरे.

जवळच्या झूमचा खरा उपयोग ऑडिओत आहे आणि मुलाखतीत तर सगळा खेळच तिथे आहे. समजा माणूस म्हणतोय "मला जायचं होतं, म्हणजे तसं ठरलं होतं, पण गेलो नाही", आणि मधलं "म्हणजे तसं ठरलं होतं" तुम्हाला काढायचंय. लांबून बघितलं तर ऑडिओ एक सलग ठोकळा दिसतो. झूम इन करत जा, एवढं की एक सेकंद पाव स्क्रीन व्यापेल. आता वेव्हफॉर्ममध्ये, म्हणजे आवाजाच्या चढउताराच्या नक्षीत, अक्षरं वाचता येतात, खरंच येतात, थोड्या सरावाने. "पण" मधला "प" म्हणताना ओठ मिटतात आणि तेवढा वेळ आवाज बंद असतो, दोन-तीन फ्रेमची सपाट रेघ दिसते आणि मग एकदम उभा काटा. क, ट, त यांचंही तसंच. कट त्या सपाट रेघेत मारायचा, काट्याच्या अगदी आधी, म्हणजे "प" पूर्ण शाबूत राहतो आणि आधीच्या शब्दाची शेपटीही येत नाही. "स" आणि "श" मात्र गवतासारखे दिसतात, दाट, बुटके, सुरुवात कुठे झाली ते धड कळत नाही, तिथे घाईने कट मारला की "सांगतो" चं "आंगतो" होतं. स-श च्या आधी दोन फ्रेम जास्त सोडायच्या आणि छोटा क्रॉसफेड, म्हणजे एक आवाज विरत दुसरा चढणारा जोड, द्यायचा.

कधी कधी फ्रेमच्या मापाने कट बसतच नाही, एक फ्रेम इकडे केला तर टक्क आवाज येतो, तिकडे केला तर अक्षर तुटतं. कारण ऑडिओ फ्रेममध्ये मोजलेला नसतोच, ४८ किलोहर्ट्‌झला एका सेकंदात आवाजाची ४८,००० मोजमापं, म्हणजे सँपल, तेव्हा २५ फ्रेमच्या हिशोबाने एका फ्रेममध्ये १९२० सँपल. प्रीमिअरमध्ये टाइमलाइनच्या पॅनेल मेनूत शो ऑडिओ टाइम युनिट्स चालू केलं की फ्रेमच्या आतसुद्धा झूम जातं आणि सँपलच्या मापाने कट हलवता येतो. फायनल कटमध्ये ऑप्शन धरून डावा-उजवा बाण दाबला की प्लेहेड सबफ्रेमने हलतो, फ्रेमचा ऐंशीवा भाग. काम झालं की प्रीमिअरमधली ती खूण काढून टाका, नाहीतर वरची पट्टी टाइमकोडऐवजी सँपल दाखवत राहते आणि पुढचा अर्धा तास आकडे ओळखीचे वाटत नाहीत.

उभं झूम हा प्रकार वेगळा आहे हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं, म्हणजे ट्रॅकची उंची. आडवं झूम वेळेचं, उभं झूम ट्रॅकचं. वेव्हफॉर्म वाचायचा तर ट्रॅक उंच हवा. प्रीमिअरमध्ये शिफ्ट इक्वलने सगळे ट्रॅक मोठे, शिफ्ट मायनसने लहान. रिझॉल्व्हमध्ये शिफ्ट धरून चाक फिरवलं की बाणाखालच्या प्रकारचे ट्रॅक उंच होतात. मी ऑडिओचं काम करताना चित्राचे ट्रॅक अगदी चपटे करून टाकते आणि चित्राच्या वेळी उलट. आणि टाइमलाइन पॅनेलवर बाण ठेवून टिल्डचं बटण, एक आकड्याच्या डावीकडचं, दाबलं की प्रीमिअरमध्ये तेवढंच पॅनेल पूर्ण स्क्रीन होतं, परत दाबलं की जागच्या जागी. छोट्या लॅपटॉपवर काम करणाऱ्यांना हे फार उपयोगी आहे.

टाइमकोड टाइप करून जाणं, हे एकदा हाताला बसलं की सुटत नाही. समोरच्याने लिहून पाठवलंय की १२ मिनिट ३४ सेकंदाला नाव चुकलंय. टाइमकोडच्या आकड्यावर क्लिक करा, १२३४०० टाइप करा, एंटर. शेवटचे दोन आकडे फ्रेमचे, त्याआधीचे सेकंदाचे, त्याआधीचे मिनिटाचे. पुढे दोन सेकंद जायचं तर अधिक २००. फायनल कटमध्ये आधी कंट्रोल पी दाबायचं, इथे मॅकचं कंट्रोलच, कमांड नव्हे. एक खबरदारी घ्या, रिझॉल्व्हची टाइमलाइन बाय डिफॉल्ट एक तासापासून सुरू होते, ०१:००:००:०० पासून, तेव्हा तिथे ०१ लावूनच टाइप करायचं.

प्लेबॅक चालू असताना टाइमलाइन पान उलटल्यासारखी एकदम पुढे उडी मारते त्याचाही अनेकांना त्रास होतो, आणि तुमच्या हरवण्यात त्याचाही हात असणार असं मला वाटतं. प्रीमिअरच्या प्रेफरन्सेसमध्ये टाइमलाइनखाली प्लेबॅक ऑटो स्क्रोलिंग आहे, त्यात नो स्क्रोल, पेज स्क्रोल, स्मूथ स्क्रोल असे तीन पर्याय. स्मूथ केलं की प्लेहेड मध्ये थांबतो आणि टाइमलाइन त्याखालून सरकते, येणारा कट आधी दिसतो. बघताना चांगलं, पण थांबवून माउसने काम करणाऱ्याला पेज स्क्रोलच बरं पडतं. मोबाइलवरच्या ॲप्समध्ये, कॅपकट, व्हीएन, काइनमास्टर, प्लेहेड कायम मध्येच असतो आणि बोटाने टाइमलाइन ओढायची, दोन बोटांनी ताणलं की झूम. तिथून कॉम्प्युटरवर आलेल्या मुलांना स्मूथ स्क्रोल लगेच पटतं. रिझॉल्व्हच्या कट पेजवर तर दोन टाइमलाइन एकावर एक आहेत, वरची कायम पूर्ण प्रोजेक्ट दाखवते आणि खालची जवळून, म्हणजे मी वर दोन उंचींचं जे सांगितलं ते तिथे एकाच वेळी डोळ्यासमोर असतं. झूमशी खरंच भांडण होत असेल तर आठवडाभर त्या पेजवर काम करून बघा, डोळ्याला सवय फार चांगली लागते, मग एडिट पेजवर या.

मार्करबद्दल, म्हणजे टाइमलाइनवरच्या खुणेबद्दल, थोडं. एमने मार्कर पडतो, प्रीमिअरमध्ये शिफ्ट एमने पुढच्या मार्करवर जाता येतं. मुलाखतीत प्रत्येक नवीन विषय सुरू होतो तिथे एक मार्कर, त्याला दोन शब्दांचं नाव, "बालपण", "पहिली नोकरी" असं. रंग तीनच ठेवा, विषयाचा एक, दुरुस्तीचा एक, संगीताचा एक. मी पूर्वी आठ रंग वापरायचे आणि कुठल्या रंगाचा अर्थ काय ते मलाच आठवायचं नाही. पूर्ण टाइमलाइन बसवलेली असताना हे मार्करच रस्त्यावरच्या पाट्यांसारखे दिसतात, कुठे क्लिक करायचं ते शोधावं लागत नाही.

प्रोजेक्ट तासाच्या पुढे गेला तर सरळ तुकडे करा. मोठ्या चित्रपटांचं एडिटिंग आजही रीलमध्ये तोडून होतं, ही पद्धत फिल्मच्या काळातली आहे, ३५ मिलिमीटरची २००० फुटांची रील २४ फ्रेमने साधारण २२ मिनिटं चालते. फिल्म गेली तरी वीसेक मिनिटांचा तुकडा राहिला, कारण तेवढ्या लांबीत माणूस लक्ष ठेवू शकतो आणि मशीनवरही ओझं कमी. तुमच्या ४५ मिनिटांचे दोन सिक्वेन्स करून बघा, शेवटी तिसऱ्यात जोडा. एका पिक्सेलमधल्या फ्रेम निम्म्या झाल्या की नाही? मोठ्या मॉनिटरने जे मिळणार होतं तेच फुकट मिळालं.

झूम करताना टाइमलाइन अडखळत असेल तर क्लिपवरचे थंबनेल बंद करा, पूर्ण चित्रपट्टीच्या जागी साध्या रंगाच्या पट्ट्या. रिझॉल्व्हमध्ये टाइमलाइन व्ह्यू ऑप्शन्समध्ये, प्रीमिअरमध्ये पान्याच्या चिन्हाखाली. वेव्हफॉर्म मात्र मुलाखतीत बंद करू नका. प्रोजेक्ट पहिल्यांदा उघडल्यावर वेव्हफॉर्म तयार व्हायला वेळ लागतो, तेवढं थांबा, त्या वेळात झूमशी झटापट केली तर सगळंच जड वाटतं.

राहिलं सॉफ्टवेअर. वर लिहिलेलं बहुतेक सगळं सगळीकडे आहे, बटणं वेगळी एवढंच, आणि प्रीमिअर किंवा रिझॉल्व्हमध्ये बटणं आपल्याला हवी तशी बदलताही येतात. म्हणून दुसरीकडून आलात तरी झूमची तीन बटणं जुनीच लावून घ्या, इन, आउट आणि सगळं बसव. मॉनिटर घ्यायचाच झाला कधी तर मोठ्यापेक्षा दुसरा घ्या, चित्र आणि बिन, म्हणजे क्लिप ठेवायचे कप्पे, एकावर, आणि टाइमलाइन दुसऱ्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत एकटी.